दीड आटा

नामूला त्यांनी गाडीच्या मागच्या दारातून बाहेर फेकलं तेव्हा मी बाकड्यावर बसून चहा पीत होतो. सकाळचे दहा वाजले असतील. त्याचे हात गाडी ओढायच्या टोचनच्या दोरानं पाठीमागे बांधलेले, त्यामुळे तो सरळ तोंडावर पडला. सिमेंटवर दात आपटल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. माझा चहा बशीत तसाच राहिला.

नामू ऐवळे हा संपतराव मोकाशींचा ड्रायव्हर. संपतरावांचे दोन खडी क्रशर, सहा डंपर आणि ही पांढरी मोठी डिझेल गाडी. आणि मी इलाही मुलाणी, त्यांच्या सगळ्या गाड्यांचा मिस्त्री. तालुक्यात टर्बो गाड्यांचं काम करणारा त्या वेळी मी एकटाच होतो आणि त्याची मला चांगलीच घमेंड होती.

नामूच्या मागून संपतरावांचा धाकटा भाऊ उतरला. धैर्यशील. त्याच्या पांढऱ्या शर्टावर छातीपासून खाली रक्त वाळून काळं पडलं होतं. रक्त त्याचं नव्हतं. तिसरा उतरला तो हणमंत, क्रशरवरचा पैलवान. त्याच्या हातात कोयता होता, तो त्यानं माझ्या बाकड्यावर चहाशेजारी ठेवला.

"मिस्त्री, बॉनेट उघड," धैर्यशील म्हणाला.

"झालं काय, धाकले मालक?"

"दादाला बोरखिंडीत तोडलं. पहाटे. आता मिरजेला ऑपरेशनच्या टेबलावर आहे. जगतोय का मरतोय ते दुपारपर्यंत कळंल." त्यानं नामूच्या कमरेत लाथ घातली. "ह्यानं घाटात गाडी हळू केली. मागून वैऱ्यांची जीप आली. दादाला खाली ओढलं, आठ वार केले. ह्याच्या अंगावर ओरखडा तरी दिसतोय का बघ."

"हळू न्हाई केली मालक," नामू सिमेंटवरच बोलला. तोंडातून रक्त येत होतं. "गाडी बसली. तिसऱ्या वळनावर. पाय पार फळीला लावला, तरी सुई अडीच हजाराच्या वर जाईना. चेक लाइट लागली. आईच्यान सांगतो."

"मग मिरजेला पस्तीस मिनिटांत कशी नेलीस? आत्ता मी तीच गाडी एकशेवीसनं चालवत आणली. तिला काय रोग झालाय?"

"ती लोकं गेल्यावर म्या बॅटरीची तार काढली, परत लावली. लाइट गेली. मग पळाली."

धैर्यशील माझ्याकडे वळला. "तुला एकच सांगायचंय, मिस्त्री. गाडी खरंच बसली, का ह्यानं बसवली? गाडीत खोट निघाली तर हा घरी जाईल. नाही निघाली तर ह्याचं काय करायचं ते आमचं आम्ही बघू."

हणमंतानं कोयता उचलून पुन्हा ठेवला. मला कळायचं ते कळलं.

बॅटरीची तार काढायची ही आमच्याकडच्या समस्त ड्रायव्हरांची खोड. टर्बोच्या हवेचा दाब कमी पडला की इंजिनाचा कॉम्प्युटर घाबरतो आणि इंजिन वाचवायला ताकदच काढून घेतो. गाडी म्हाताऱ्या बैलासारखी चालते. तिला आम्ही 'लिंपात गेली' म्हणतो. अशा वेळी मिस्त्रीकडे यायचं, तर हे पठ्ठे बॉनेट उघडून तार काढतात आणि लावतात. कॉम्प्युटर सगळं विसरतो, गाडी पळायला लागते आणि ह्यांना वाटतं दुरुस्त झाली. शंभरदा ओरडून सांगितलं होतं, बाबांनो, दिवा विझवला म्हणजे आग विझत नाही. पण त्या पहाटे नामूनं तार काढली म्हणूनच संपतराव जिवंत मिरजेला पोचले होते. आणि तार काढली म्हणूनच गाडी बसल्याचा पुरावा पुसला गेला होता.

मी स्कॅनर जोडला. पडद्यावर आलं: एकही दोष नाही.

"काय म्हणतंय?" धैर्यशीलनं विचारलं.

"तार काढल्यावर काही राहत नाही ह्याच्यात."

"म्हणजे काही नाही."

हणमंतानं जमिनीवरचा चाकाचा पाना उचलला आणि नामूच्या गुडघ्यावर हाणला. नामू असा ओरडला की समोरच्या चक्कीवाल्यानं चक्की बंद केली आणि शटर ओढून घेतलं. मदतीला येणारा माणूस असा होता.

"थांब रे!" मी ओरडलो. "मला बघू तर दे!"

मी गाडी चालू करून जागेवरच रेस दिली. इंजिनाच्या फेऱ्यांची सुई सरळ चार हजारांवर गेली. धैर्यशील हसला.

"उभ्या गाडीला टर्बोचं काम नसतं," मी म्हणालो. "वजन पाहिजे, चढ पाहिजे." असं बोलत मी बॉनेटखाली वाकलो आणि तिथंच थिजलो.

टर्बोकडून इंजिनाकडे दाबाची हवा नेणारी एक जाड रबरी नळी असते. त्या नळीवर सायकलची ट्यूब गुंडाळलेली होती, वर तांब्याच्या तारेचे पाच वेढे आणि टोकाला क्लिप. ते काम माझं होतं.

वीस दिवसांपूर्वी नळी चिरली म्हणून नामू गाडी घेऊन आला होता. नवी नळी कोल्हापुरातून यायला चार दिवस लागणार होते आणि संपतरावांची गाडी चार तासही उभी राहत नसे. मी ट्यूब गुंडाळून दिली. म्हणालो, आठ दिवस चालवायची, बिनधास्त. नळी पाचव्या दिवशी आली. नामू एकदा येऊन विचारूनही गेला. लग्नसराई होती, गॅरेजात पाय ठेवायला जागा नव्हती. मी म्हणालो, उद्या ये. मग ना मी बोलावलं, ना माझ्या ध्यानात राहिलं. आणि ती नवी नळी त्या क्षणी धैर्यशीलच्या डोक्यामागे भिंतीवरच्या खिळ्याला प्लास्टिकच्या पिशवीत लटकत होती.

ट्यूबखालून तेलाचा काळा ओला पट्टा गळला होता. वजन घेऊन चढाला लागली की इथून हवा फुटायची. नामू खरं बोलत होता. एक वाक्य बोलायचं होतं मला: ही बघा खोट, आणि ही मी केलेली.

मी ते बोललो नाही. माझी पाचावर धारण बसली होती. सुताचा बोळा घेतला, तेलाचा पट्टा पुसून काढला आणि बोळा पँटच्या खिशात घातला. दुसऱ्या हातात स्क्रूड्रायव्हर होता. क्लिप ढिली दिसली आणि हातानं स्क्रू फिरवून ती आवळली, दीड आटा. क्लिप आवळली ती खरोखर सवयीनं, विचार करून नव्हे. पण बोळा खिशात घातला तो मात्र पूर्ण विचार करून.

नामू पुढच्या चाकाला टेकून बसला होता. डोकं छातीवर पडलेलं.

"घाटात नेऊया," मी म्हणालो. "मागं खडीची पोती टाका. स्कॅनर लावून मी शेजारी बसतो. बसली तर ह्याच्यावर दोषाचा कोड येईल. पुरावा."

माझा हिशेब सरळ होता. चिरलेलं रबर चढाला उघडेलच. स्कॅनरवर कोड आला की नामू सुटेल आणि बॉनेट कुणी पुन्हा उघडणार नाही. दोघंही वाचू. स्वतःला फसवायला माणसाला फार अक्कल लागत नाही.

"तिसऱ्या वळणापर्यंत," धैर्यशील म्हणाला. "तिथं बसली, तर सुटला. नाही बसली, तर तिथंच."

गाडी धैर्यशील चालवत होता. मागं नामू आणि हणमंत, त्यामागं पाच पोती खडी. एप्रिलचं ऊन होतं, घाटातलं डांबर मऊ झालं होतं. हणमंत मधूनच नामूच्या दुखऱ्या गुडघ्यावर मूठ आपटायचा आणि नामू दाबून कण्हायचा.

पहिलं वळण. सुई तीन हजार. माझे डोळे हवेच्या दाबाच्या आकड्यावर. आकडा चढत होता. दुसरं वळण. मी मनात म्हणत होतो, फूट, फूट आता. आयुष्यभर गाड्या दुरुस्त व्हाव्यात म्हणून अल्लाची करुणा भाकली, त्या दिवशी पहिल्यांदा मोडावी म्हणून भाकली.

तिसरं वळण. गाडी वाघासारखी चढली. आकडा जिथं असायला हवा तिथं, जराही हलला नाही. आणि मला एकदम आठवलं. दीड आटा. माझ्याच हातानं मी तिला धड करून आणली होती.

धैर्यशीलनं ब्रेक मारला. रस्त्यावर पहाटेच्या रक्ताचा मोठा डाग होता, माशा बसलेल्या. कठड्याजवळ संपतरावांची एक कोल्हापुरी चप्पल पडली होती. ती धैर्यशीलनं बघितली आणि त्याचा चेहराच बदलला. त्यानं मागचं दार उघडून नामूला केसाला धरून बाहेर ओढलं. गुडघा मोडलेला, उभं राहता येईना, तर फरपटत कठड्यापर्यंत नेलं. नामूचं तोंड कठड्याच्या दगडावर एकदा आपटलं, दोनदा आपटलं. कपाळ फुटलं.

"किती दिवसांपास्नं सामील होतास? बोल! मिठाला जागायचं न्हाई तर खाल्लंस कशाला?" धैर्यशील ओरडला.

"म्या न्हाई केलं, मालक."

"गाडीला कुणी हात लावलाय का मग? कुणी काय केलंय का तिला?"

नामूनं रक्तातून एक डोळा उघडला. तो माझ्याकडे बघत होता. नळी कुणी बांधली ते त्याला माहीत होतं. उद्या ये कुणी म्हटलं तेही माहीत होतं.

"कुनी न्हाई," तो म्हणाला.

हणमंतानं त्याचं धड कठड्यावर वाकवलं. खाली चारशे फूट दरी. धैर्यशीलनं कोयता घेतला.

"थांबा," मी म्हणालो. "क्लिप मी आवळली."

"काय?"

"गॅरेजात, बघता बघता. नळीची क्लिप ढिली होती, सवयीनं आवळली गेली. म्हणून आत्ता बसली नाही. होती तशी करतो, पुन्हा एकदा चढवा."

धैर्यशील माझ्याकडे आला आणि कोयत्याची मूठ त्यानं माझ्या कानशिलावर मारली. मी बॉनेटवर आपटलो. ह्या कानानं मला आजही नीट ऐकू येत नाही. "वाचवतोयस त्याला?" मग पातं माझ्या मानेला लावलं. "कर. ह्या वेळी बसली नाही तर दोघं."

मी बॉनेट उघडलं आणि पातं मानेवर घेऊनच वाकलो. स्क्रूड्रायव्हर खाचेतून दोनदा घसरला. अर्धा. एक. दीड.

नामूला परत मागं टाकून पायथ्यापर्यंत उतरलो आणि पुन्हा वर निघालो. पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्याच्या तोंडाशी बॉनेटखालून फस्सकन आवाज आला आणि गाडीनं जीव सोडला. सुई खाली पडून अडीच हजारांवर आली ती हलेना. चेक लाइट लागली. धैर्यशील पाय फळीला ठोकत होता, एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा, आणि गाडी सायकलच्या वेगानं चालली होती. मागून विटांचा एक ट्रक हॉर्न देत आला आणि आम्हाला मागे टाकून गेला. स्कॅनरवर अक्षरं उमटली: हवेचा दाब कमी. मी पडदा त्याच्यासमोर धरला.

त्यानं गाडी थांबवली. दोन्ही मुठींनी स्टीअरिंगवर मारत राहिला. "अशीच बसली असंल," तो म्हणाला. "दादा मागं बघत असंल. मागं जीप आणि गाडी अशी." मग तो लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला. मला वाटलं, संपलं. सुटलो.

पण तो उतरला आणि बॉनेट त्यानं स्वतः उघडलं. ट्यूब फाटून लोंबत होती. तारेच्या वेढ्यांनी तिला तसंच घट्ट धरून ठेवलं होतं.

"ही नळी अशी कंपनीतून आलेली नाही. सायकलची ट्यूब कुणी बांधली?"

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. तो ऐकत राहिला, हं, हं म्हणत राहिला. फोन खिशात ठेवून म्हणाला, "दादा जगलाय. उजवा हात खांद्यातनं काढला." मग तोच प्रश्न, तसाच हळू आवाजात, "कुणी बांधली?"

मी तोंड उघडलं. निदान उघडलं असं मला आठवतं.

"म्या," गाडीतून नामू म्हणाला. "वाटंत चिरली व्हती. म्याच बांधली, धाकलं मालक. सांगायचं ऱ्हाऊन गेलं. माझी चूक झाली, पन बेईमानी न्हाई केली."

धैर्यशीलनं माझ्याकडे बघितलं. "खरं का, मिस्त्री?"

मी मान हलवली, हो म्हणून.

पुढचं फार भराभर झालं. हणमंतानं नामूला खाली घेतला, दोर सोडला आणि त्याचा उजवा हात कठड्याच्या दगडावर पसरून मनगटावर गुडघा दिला. "जीव नाही घेत तुझा," धैर्यशील म्हणाला. "मिरजेला पोचवलंस म्हणून. पण दादाचा हात गेला." कोयता एकदाच वर गेला. दगडातून ठिणगी उडालेली मी पाहिली. चार बोटं दरीकडच्या बाजूला पडली, अंगठा तेवढा राहिला. नामू ओरडलाच नाही, नुसता हाताकडे बघत बसला.

ते दोघं एका येणाऱ्या जीपला हात करून मिरजेला निघून गेले. मी शर्ट फाडत होतो.

"शर्टानं थांबायचं न्हाई," नामू म्हणाला. "खिशातला बोळा दे."

मी बोळा काढला, त्याच्या पंजावर दाबला आणि वरून शर्ट आवळला. तेलकट काळा बोळा बघता बघता लाल झाला. गाडीची तार काढून लावली, फाटक्या नळीनं जेवढी जाईल तेवढी घाट उतरवली. दवाखान्यात डॉक्टरांना सांगितलं, इंजिनाच्या पंख्याच्या पट्ट्यात हात गेला. गॅरेजवाल्यानंच सांगितल्यावर कोण शंका घेणार?

ह्याला तेरा वर्षं झाली. गाडी चालवणं नामूला शक्य नव्हतं, म्हणून मी त्याला गॅरेजात घेतलं. मांडणीवरचे सुटे भाग तो सांभाळतो, डाव्या हातानं. ईदला माझ्या घरची शीरखुर्म्याची पहिली वाटी त्याला जाते. त्याच्या मुलीच्या लग्नात मी मामासारखा उभा राहिलो. लोक म्हणतात, इलाही मिस्त्री देवमाणूस. मी ऐकून घेतो. ज्यानं माझ्यासाठी बोटं दिली त्याच्यासाठी एवढं काय, असं मनात म्हणतो. बोळ्याचं मात्र त्याला कधी सांगितलं नाही. तेवढी छाती नव्हती.

गेल्या महिन्यात दुपारी एक गाडी आली. चढाला ओढत नाही, लाइट लागते. मी बॉनेट उघडलं, ढिली क्लिप दिसली आणि हात आपोआप पुढे गेला. नामू बाकड्यावरून म्हणाला, "आवळू नगंस. आधी बघ."

माझा हात तिथंच थांबला. तेरा वर्षं जे विचारलं नव्हतं ते तोंडून निघून गेलं. "नामू, त्या दिवशी घाटात तू बोळा मागितलास. तो खिशात आहे हे तुला कसं ठाऊक?"

"म्या चाकापाशी बसलेलो, मिस्त्री. तुझा खिसा माझ्या डोळ्याम्होरं व्हता. पुसलास, खिशात घातलास, क्लिप आवळलीस. समदं बघितलं."

"आणि तरी 'म्या' म्हणालास?"

"मग काय करायचं? तू बांधलीस म्हनून कळलं असतं तर त्यो म्हनला असता, मिस्त्रीबी सामील. मग तुझी मिशीन खोटी, तुझा कोड खोटा, आन् म्या दरीत. तू खरा ठरलास तरच म्या जगनार व्हतो." त्यानं चहाचा कप अंगठा आणि तळव्यात धरला, त्याला ते आता सवयीचं झालं आहे. "तुला वाचवाय न्हाई बोललो. उगंच मनाला लावून घेऊ नगंस."

मी खाली बसलो. तेरा वर्षं मी एका उपकाराखाली वाकून चाललो होतो आणि तो उपकार नव्हताच. बरं वाटायला हवं होतं. मी म्हणालो, "मग माझ्यावर राग नाही तुझा?"

नामूनं चहा संपवला. कप बाकड्यावर ठेवला, जिथं त्या दिवशी कोयता होता तिथंच.

"बोळ्याचा न्हाई," तो म्हणाला. "भ्या वाटतं मानसाला. पन त्यानं इचारलं, 'खरं का, मिस्त्री?' तवा तू मान लई लवकर हलवलीस."